हार्लेमचे सहा रविवार

मंच पश्चिमेकडे तोंड करून उभारायचा, असं हॅल टलचिननं ठरवलं होतं. टलचिन टेलिव्हिजनचा दिग्दर्शक. त्याच्याकडे पाच कॅमेरे होते, पण दिव्यांसाठी दमडी नव्हती. दुपारी सूर्य कलला की उन्हं समोरून गाणाऱ्याच्या अंगावर येतील आणि फुकटात लख्ख चित्र मिळेल, असा त्याचा साधा हिशेब होता. १९६९च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, माउंट मॉरिस पार्कमध्ये, सहा रविवार त्यानं याच हिशेबावर चित्रण केलं. आज ते बघताना गायकांच्या कपाळावरचा घाम मोजता येईल इतका स्पष्ट दिसतो. ऊन सरळ डोळ्यांत जात असल्यामुळे बऱ्याच जणांचे डोळे किलकिले झालेले आहेत. मागचा भडक रंगांचा पडदा, झालरींचे कपडे, समोरच्या गर्दीतले कुरळ्या केसांचे मोठाले गोल, सगळं काल चित्रित केल्यासारखं ताजं वाटतं.

या मालिकेचं नाव हार्लेम कल्चरल फेस्टिव्हल. २९ जून ते २४ ऑगस्ट या काळातले सहा रविवार आणि प्रवेश मोफत. सहा कार्यक्रमांना मिळून साधारण तीन लाख माणसं आली. बी. बी. किंग, नीना सिमोन, महालिया जॅक्सन, स्टीव्ही वंडर, स्टेपल सिंगर्स, ग्लॅडिस नाइट, स्लाय स्टोन, मोंगो सांतामारिया, ह्यू मासेकेला. अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या संगीताचा इतिहास लिहायला बसलं तर यातलं एकही नाव गाळता येत नाही, आणि हे सगळे एकाच उन्हाळ्यात एकाच बागेत गाऊन गेले.

त्या बागेविषयी थोडं सांगायला हवं. न्यूयॉर्कचा फिफ्थ ॲव्हेन्यू हा मॅनहॅटनमधून सरळ रेघेत जाणारा रस्ता, पण १२०व्या गल्लीपाशी त्याच्या वाटेत एक खडकाळ टेकडी आडवी येते. ती फोडण्याच्या भानगडीत न पडता शहरानं १८४० साली तिच्याभोवतीच बाग केली. टेकडीवर एकोणिसाव्या शतकातला बिडाचा मनोरा आहे. कुठे आग लागली की त्यावरचा पहारेकरी घंटा वाजवायचा. कार्यक्रमाच्या दिवशी मैदान भरलं की पोरं त्या खडकांवर आणि आजूबाजूच्या झाडांवर चढून बसत. बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर १२५व्या रस्त्यावर अपोलो थिएटर, जिथे दर बुधवारच्या हौशी कलावंतांच्या स्पर्धेत टिकलात तर नाव होणार आणि नाही टिकलात तर प्रेक्षकच हुर्यो करून उतरवणार. म्हणजे हार्लेमचा श्रोता काही गरीब बिचारा श्रोता नव्हता. त्याचा कान तयार होता, आणि आवडलं नाही तर तो तोंडावर सांगायचा.

पण १९६९मधल्या हार्लेमची दशा वाईट होती. घरं पडायला आलेली, कचरा दिवसेंदिवस उचलला न जाणारा आणि हेरॉइन गल्लोगल्ली पोचलेलं. १९६४च्या जुलैत एका पोलीस अधिकाऱ्यानं जेम्स पॉवेल या पंधरा वर्षांच्या मुलाला गोळी घातली तेव्हा हार्लेम पेटलं होतं. १९६५मध्ये माल्कम एक्सचा खून झाला. ४ एप्रिल १९६८ला मेंफिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली आणि वॉशिंग्टन, शिकागो, बाल्टिमोर ही शहरं जळाली. त्या रात्री न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे स्वतः हार्लेमच्या रस्त्यावर लोकांत जाऊन उभे राहिले. न्यूयॉर्कमध्येही जाळपोळ झाली, पण इतर शहरांच्या मानानं कमी. पुढच्या उन्हाळ्यात काय होईल, ही धास्ती मात्र नगरपालिकेत प्रत्येकाला होती.

उन्हाळा म्हणजे दंगल, असं तेव्हा अमेरिकेतल्या प्रशासनांच्या डोक्यात बसलेलंच होतं. घरात उकडतं, हाताला काम नाही, पोरं रस्त्यावर, आणि एखादा पोलीस कुणाशी तरी वाकडं वागला की ठिणगी. यावर उपाय म्हणून शहरांनी उन्हाळी कार्यक्रमांवर पैसे खर्चायला सुरुवात केली: पोहण्याचे तलाव, खेळ, सहली, गाणीबजावणी. पियानोवादक बिली टेलर यांच्या पुढाकारानं १९६४पासून जॅझमोबिल नावाचा उपक्रम गाडीवर मंच बांधून गल्लीबोळांत जॅझ वाजवत होताच. १९६७मध्ये शहराच्या उद्यान खात्याच्या आश्रयानं टोनी लॉरेन्स या गायकानं हार्लेममध्ये उन्हाळी उत्सव सुरू केला. १९६८मध्ये तो वाढला आणि १९६९मध्ये त्याला कळस चढला.

टोनी लॉरेन्स हा गृहस्थ मोठा वस्ताद. क्लबांमध्ये गाणारा, थोडंफार नाव असलेला, पण गाण्यापेक्षा बोलण्यात तरबेज. मोठ्या कलावंताला फोन करून अमका अमका येतोय म्हणून सांगायचं आणि त्या अमक्याला याचं नाव सांगायचं, अशा रीतीनं त्यानं कार्यक्रम जुळवल्याच्या आठवणी त्याच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितल्या आहेत. जनरल फूड्स कंपनीच्या मॅक्सवेल हाउस कॉफीला त्यानं प्रायोजक म्हणून पटवलं. निवेदनही स्वतःच करायचं, तेही दर वेळी वेगळ्या भपकेबाज पोशाखात. महापौर लिंडसे मंचावर आले तेव्हा निळ्या डोळ्यांचा आपला भाऊ, अशा थाटात त्यानं त्यांची ओळख करून दिली आणि लोकांनी टाळ्याही दिल्या. या टाळ्यांची लिंडसेंना गरज होती. ते रिपब्लिकन पक्षाचे, पण १७ जूनला, म्हणजे उत्सवाच्या बारा दिवस आधी, पक्षांतर्गत निवडणुकीत स्वतःच्याच पक्षाची उमेदवारी गमावून बसले होते. आता छोट्या लिबरल पक्षाच्या तिकिटावर ते नोव्हेंबरची निवडणूक लढवत होते आणि कृष्णवर्णीयांच्या मतांवाचून त्यांचा निभाव लागणार नव्हता. नोव्हेंबरात ते निवडून आले.

थोडक्यात, कॉफी कंपनीला गिऱ्हाईक हवं होतं, महापौरांना मतं हवी होती, शहराला शांतता हवी होती आणि लॉरेन्सला नाव हवं होतं. उत्सव उभा राहिला तो या चौघांच्या गरजांवर. हे मी उपहासानं म्हणत नाही. बहुतेक चांगले उत्सव असेच उभे राहतात. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: ज्यांनी हा मंच शांततेसाठी बांधून दिला, त्यांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त त्यावर बोललं आणि गायलं गेलं. आणि तरी दंगल झाली नाही.

बंदोबस्ताला न्यूयॉर्कचे पोलीस होते, आणि त्यांच्या जोडीला ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते. मराठी वाचकाला पँथर म्हटलं की नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आठवतात. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नाव घेतलं गेलं ते याच अमेरिकी संघटनेचं. न्यूयॉर्कच्या पँथरांपैकी एकवीस जणांवर एप्रिल १९६९मध्ये बाँबस्फोटाच्या कटाचा खटला भरला गेला होता. म्हणजे एकीकडे सरकार त्यांना कोर्टात खेचत होतं आणि दुसरीकडे त्यांचेच साथीदार शहराच्या बागेत गर्दी सांभाळत होते. ज्या वस्तीचा पोलिसांवर काडीचा विश्वास नव्हता, तिथे ही व्यवस्था शहाणपणाचीच होती.

पहिल्याच रविवारी, २९ जूनला, स्लाय अँड द फॅमिली स्टोन आले. सॅन फ्रान्सिस्कोचा हा वाद्यवृंद बघून हार्लेमच्या लोकांना आधी कळेचना काय चाललंय. सोल संगीताचे वादक म्हणजे एकसारखे सूट, चकचकीत बूट, एका तालात पावलं, अशी तोवरची शिस्त. हे लोक मात्र घरच्या कपाटात जे सापडलं ते घालून आलेले. ट्रम्पेट वाजवणारी बाई, सिंथिया रॉबिन्सन. ड्रमवर गोरा पोरगा, ग्रेग एरिको. गोऱ्याला तालाचं काय कळतंय, ही शंका तिथे उघड उघड बोलली गेली असं तेव्हाचे प्रेक्षक सांगतात. पहिल्या दोन-तीन मिनिटांत ती मिटली.

त्याच दिवशी फिफ्थ डिमेन्शन हा पाच जणांचा गट गायला. त्यांचं दुखणं वेगळं होतं. त्या वसंतात त्यांचं ‘अक्वेरियस’ सहा आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर होतं, आणि गंमत म्हणजे ते गाणं त्यांना हरवलेल्या पाकिटामुळे मिळालं. बिली डेव्हिस टॅक्सीत पाकीट विसरला. ज्याला सापडलं तो ‘हेअर’ या गाजत्या संगीतनाटकाशी संबंधित निघाला आणि त्यानं आभाराच्या बदल्यात सगळ्यांना नाटकाला बोलावलं. तिथे हे गाणं ऐकून ते झपाटले. पण गाणं जितकं गाजलं तितका एक टोमणा वाढत गेला: हे लोक काळे असून गोऱ्यांसारखे गातात. हार्लेम आपल्याला स्वीकारेल का, या धाकधुकीत ते मंचावर आले होते. पन्नास वर्षांनी मॅरिलिन मकू आणि बिली डेव्हिस या नवरा-बायकोला तेच चित्रण दाखवलं तेव्हा मकूच्या डोळ्यांना धार लागली. आवाजाला रंग कसला, हा तिचा साधा सवाल. प्रसिद्धी मिळूनही आपल्या माणसांची शाबासकी मिळाली नव्हती, याचं शल्य इतकी वर्षं आत होतं.

१३ जुलैचा रविवार भक्तिसंगीताचा, गॉस्पेलचा. या दिवशी जे घडलं त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. ब्लूज आणि गॉस्पेल या सख्ख्या बहिणी, पण चर्चमधली जुनी माणसं ब्लूजला सैतानाचं गाणं म्हणत. थॉमस डॉर्सी नावाचा पियानोवाला आधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावानं ब्लूज वाजवायचा, मा रेनीसारख्या जबरदस्त गायिकेच्या साथीला असायचा. १९३२मध्ये तो गावाला गेलेला असताना त्याची बायको बाळंतपणात गेली आणि पाठोपाठ बाळही गेलं. त्या शोकातून त्यानं ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे स्तोत्र रचलं. चाल भक्तीची, पण हात ब्लूजचा. हे मार्टिन ल्यूथर किंग यांचं अतिशय आवडतं गाणं. मेंफिसच्या लॉरेन मोटेलच्या सज्जात उभं असताना त्यांनी खाली थांबलेल्या बेन ब्रांच या सॅक्सोफोनवादकाला सांगितलं होतं की आज रात्रीच्या सभेत हे वाजव, आणि छान वाजव. त्यानंतर काही क्षणांत गोळी लागली. त्यांच्या अंत्यविधीला हेच गाणं महालिया जॅक्सननं गायलं.

आता हार्लेमच्या मंचावर पंधरा महिन्यांनंतर किंग यांचा सहकारी, सत्तावीस वर्षांचा रेव्हरंड जेसी जॅक्सन तो सज्जा, ती संध्याकाळ आणि ते शेवटचं बोलणं लोकांना सांगत होता. साथीला बेन ब्रांच स्वतः होता. महालियाला त्या दिवशी बरं नव्हतं. तिनं शेजारी बसलेल्या मेव्हिस स्टेपल्सला सांगितलं, पोरी, मला जरा हात दे, तू सुरुवात कर. महालिया सत्तावन्न वर्षांची, गॉस्पेलची अनभिषिक्त राणी. मेव्हिसला तीस पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते आणि ती लहानपणापासून महालियाला देव मानत आलेली. मेव्हिस उठली आणि तिनं पहिलं कडवं घेतलं. आवाज खालचा, घोगरा, तळातून येणारा. मग महालिया उभी राहिली. माइक एकच. तो एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जातो, परत येतो. महालिया गाताना शब्द सोडून देते, नुसता हंबरडा फोडते, वाकते, पुन्हा ताठ होते. मेव्हिस तिच्या तोंडाकडे बघत तिच्या सुराखाली आपला सूर धरून राहते, आणि मग अंगात आल्यासारखी स्वतःच ओरडते. शिक्षण, रियाज, घराणं असे आपल्याकडचे शब्द इथे अपुरे पडतात. दोघींपैकी कुणीही सुंदर गाण्याचा प्रयत्नच करत नाहीये. पुढे मेव्हिसनं अनेकदा सांगितलं की आयुष्यातला सगळ्यात मोठा मान तिला त्या दिवशी मिळाला. महालिया जॅक्सन जानेवारी १९७२मध्ये वारली.

मेव्हिसच्या मागे गिटार घेऊन तिचे वडील असत, पॉप्स स्टेपल्स. मिसिसिपीच्या डॉकरी मळ्यावर वाढलेला हा माणूस. त्या मळ्यावर चार्ली पॅटन हा ब्लूजचा आद्य पुरुष वाजवायचा, ते ऐकून पॉप्सनं गिटार उचललं. पुढे शिकागोत येऊन त्यानं मुलांना घेऊन चर्चमध्ये गायला सुरुवात केली, पण गिटारातली ती मिसिसिपीची थरथर काही गेली नाही. भक्तिगीताच्या पाठीमागे ब्लूज वाजतोय याची कुजबूज चर्चमध्ये व्हायची. वाजत होताच.

पुढचा रविवार २० जुलैचा. दुपारी चार वाजून सतरा मिनिटांनी आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांचं यान चंद्रावर उतरलं. हार्लेम नदीपलीकडे यांकी स्टेडियममध्ये बेसबॉलचा सामना थांबवून ही बातमी सांगितली गेली आणि प्रेक्षकांनी उभं राहून जल्लोष केला. नदीच्या या बाजूला माउंट मॉरिस पार्कमध्ये हजारो लोक ग्लॅडिस नाइट, डेव्हिड रफिन आणि स्टीव्ही वंडर यांना ऐकायला जमले होते. टेलिव्हिजनचा वार्ताहर गर्दीत फिरून विचारत होता, चंद्राबद्दल काय वाटतं? उत्तरं सभ्य होती, पण बोचरी. झालं ते चांगलंच झालं, पण तो पैसा इथे हार्लेममध्ये खर्चला असता तर किती तोंडांना घास मिळाला असता, असा बहुतेकांचा सूर. हा विचार फक्त त्या बागेतला नव्हता. किंग यांचे वारसदार राल्फ ॲबरनॅथी पाचच दिवसांपूर्वी गरीब कुटुंबांना आणि खेचरांच्या गाड्यांना घेऊन जिथून हे यान सुटणार होतं त्या केप केनेडीच्या थेट फाटकापर्यंत गेले होते.

स्टीव्ही वंडर तेव्हा एकोणीस वर्षांचा. अकराव्या वर्षी मोटाउन या रेकॉर्ड कंपनीनं त्याला करारात बांधलं तेव्हा तो ‘छोटा’ म्हणून ओळखला जायचा. पाऊस भुरभुरत होता. कुणीतरी त्याच्या डोक्यावर छत्री धरली होती. गाता गाता तो ड्रमवर जाऊन बसला आणि वाजवत सुटला. आंधळ्या मुलाचं कौतुक म्हणून कुणी टाळ्या देत असेल तर ते पहिल्या अर्ध्या मिनिटापुरतंच. पुढची टाळी ड्रमवाल्याला होती. दोन-तीन वर्षांनी कंपनीच्या साच्यातून बाहेर पडून त्यानं जे संगीत केलं, त्याची चाहूल इथे लागते. पण हे मला आता, पुढचं सगळं ठाऊक असताना वाटतंय. त्या दिवशी बागेतल्या माणसाला तो फक्त झकास वाजवणारा पोरगा वाटला असेल, आणि तेही काही कमी नाही.

२७ जुलैचा रविवार हार्लेमच्या पूर्वेकडच्या शेजाऱ्यांचा. ईस्ट हार्लेम म्हणजे पोर्तो रिकोहून आलेल्यांची वस्ती. त्याच उन्हाळ्यात तिथल्या यंग लॉर्ड्स या तरुणांच्या संघटनेनं न उचललेला कचरा रस्त्याच्या मधोमध रचून वाहतूक अडवली होती. मंचावर क्यूबाचा मोंगो सांतामारिया आणि ब्रुकलिनला जन्मलेला रे बारेटो यांचे कोंगा ढोल घुमत होते. या दोन्ही हार्लेमांमध्ये एरवी फार सख्य होतं असं नाही. त्या दुपारी निदान ताल तरी एक होता.

मग आला १७ ऑगस्ट. याच शनिवार-रविवारी न्यूयॉर्कपासून साधारण दीडशे किलोमीटरवर बेथेल गावच्या एका शेतावर चार लाखांच्या आसपास तरुण चिखलात बसून संगीत ऐकत होते. त्या कार्यक्रमाचं नाव वुडस्टॉक. स्लाय स्टोननं तिथे त्याच रविवारी पहाटेच्या अंधारात गाऊन रान उठवलं. हार्लेममध्ये त्याच दिवशी बी. बी. किंग आणि नीना सिमोन एका मंचावर होते. वुडस्टॉक जगाला माहीत आहे, हार्लेम नाही. त्याची कारणं पुढे येतीलच.

बी. बी. किंग हा मिसिसिपीत कापूस वेचत वाढलेला माणूस. त्याच्या गिटाराचं नाव ल्यूसिल. १९४९मध्ये आर्कान्सामधल्या एका नाचघरात तो वाजवत असताना दोन पुरुषांची मारामारी झाली, पेटती रॉकेलची बादली सांडली, सगळे बाहेर पळाले, आणि हा आपलं गिटार आणायला परत आगीत शिरला. दुसऱ्या दिवशी कळलं की भांडण ल्यूसिल नावाच्या बाईवरून होतं. असला वेडेपणा पुन्हा करायचा नाही, याची आठवण म्हणून त्यानं गिटाराला ते नाव दिलं. पण १९६९मध्ये त्याच्यापुढचा पेच गिटाराचा नव्हता. तरुण कृष्णवर्णीयांना ब्लूज नकोसा झाला होता. ते आजोबांचं, मळ्यांचं, मान खाली घालून सोसण्याचं गाणं वाटायचं. उलट १९६७पासून सॅन फ्रान्सिस्कोचे गोरे हिप्पी त्याला डोक्यावर घेत होते. हार्लेममध्ये त्यानं नुकतंच आलेलं ‘व्हाय आय सिंग द ब्लूज’ सुरू केलं. त्या गाण्यात गुलामांच्या जहाजापासून शहरातल्या झोपडपट्टीपर्यंतचा सगळा प्रवास आहे. ब्लूज म्हणजे प्रेमभंगाचं रडगाणं, असं म्हणणाऱ्याला याहून चोख उत्तर नाही. निळा सूट, गोल चेहरा, डोळे मिटलेले. आवाज गातो तेव्हा गिटार गप्प, गिटार बोलतं तेव्हा हा गप्प. दोन्ही एकदम तो क्वचितच करायचा.

नीना सिमोनचं प्रकरण साफ निराळं. तिला व्हायचं होतं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातली पियानोवादक. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेनं तिला प्रवेश नाकारला, आणि तो आपल्या कातडीमुळेच नाकारला, असं ती जन्मभर मानत राहिली. पोटासाठी बारमध्ये वाजवता वाजवता ती गायला लागली. १९६३मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बाँब फुटून चार मुली मेल्या, त्यानंतर तिचं गाणं उघड उघड राजकीय झालं. हार्लेममध्ये ती पियानोवर बसते तेव्हा डोळे सावकाश फिरवून गर्दीकडे बघते. त्या नजरेत प्रेम आहे आणि जाबही आहे. तिनं ‘बॅकलॅश ब्लूज’ गायलं. त्याचे शब्द लँग्स्टन ह्यूज यांचे. हा कवी हार्लेमच्या १२७व्या गल्लीत, त्या बागेपासून जेमतेम तीन-चार गल्ल्यांवर राहायचा. १९६७मध्ये वारला. ब्लूजचा बाज कवितेत आणणारा तो पहिल्या काही जणांपैकी एक, आणि त्याची कविता आता त्याच्या शेजाऱ्यांना ब्लूज होऊन ऐकू येत होती. मग ‘टु बी यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक’. हे तिनं आपली मैत्रीण, नाटककार लॉरेन हॅन्सबेरी हिच्या आठवणीत केलेलं गाणं, तेव्हा अगदी नवं. शेवटी तिनं एक कागद हातात घेतला आणि त्यावरून एक कविता म्हटली. वेळ आली तर मारायला तयार आहात का, जाळायला तयार आहात का, असले त्यातले प्रश्न. गर्दी हो म्हणाली, टाळ्या वाजवल्या. आणि कार्यक्रम संपल्यावर सगळे शांतपणे घरी गेले.

इथे थांबून विचार करावा असं मला वाटतं. महापौर कार्यालयाच्या दृष्टीनं हा उत्सव म्हणजे राग निवण्याची सोय होती. नीना सिमोननं त्या रागाला नाव दिलं, वाचा दिली. कुणी म्हणेल, शहराच्या पैशावर इतकं बोलू दिलं म्हणजेच वाफ जिरली आणि पालिकेचा डाव साधला. मला ते पटत नाही. हार्लेमच्या लोकांना दुकानं जाळायला कवितेची परवानगी कधीच लागली नव्हती. त्यांना सहा रविवार कुणीतरी पाहुण्यांसारखं वागवलं, त्यांच्या तोडीचं संगीत त्यांच्या दारात आणलं, आणि गर्दी सांभाळायला त्यांचीच पोरं उभी केली. त्यांनी त्याला साजेसं वागून दाखवलं.

२४ ऑगस्टला उत्सव संपला. पुढच्या वर्षी तो झाला नाही, आणि टोनी लॉरेन्सही हळूहळू लोकांच्या नजरेआड गेला. टलचिनकडे चाळीस तासांचं चित्रण होतं, दोन इंच रुंदीच्या जड चुंबकीय फितींवर. वुडस्टॉकच्या नावाचा गवगवा बघून त्यानं आपला माल ‘ब्लॅक वुडस्टॉक’ म्हणून विकून बघितला. गिऱ्हाईक मिळालं नाही. फिती त्याच्या घराच्या तळघरात गेल्या आणि जवळजवळ पन्नास वर्षं तिथेच राहिल्या.

२०२१मध्ये अमीर ‘क्वेस्टलव्ह’ थॉम्पसन या ड्रमवादकानं त्यातून ‘समर ऑफ सोल’ हा माहितीपट केला. त्याला सनडान्स महोत्सवात परीक्षकांचं आणि प्रेक्षकांचं अशी दोन्ही पारितोषिकं मिळाली, पुढच्या वर्षी ऑस्करही मिळालं. माहितीपट उत्तमच आहे. पण त्याच्याबरोबर एक दंतकथाही जगभर पसरली, की हे चित्रण कुणीच पाहिलं नव्हतं आणि अचानक सापडलं. तसं नाही. १९६९मध्येच त्याचे काही भाग न्यूयॉर्कच्या स्थानिक वाहिनीवर आणि राष्ट्रीय वाहिन्यांवर तासा-तासाच्या कार्यक्रमांत दाखवले गेले होते. नीना सिमोनचे तुकडे पुढे डीव्हीडीवर आले. २००४च्या सुमारास ज्यो लॉरो या चित्रफीत-संग्राहकानं टलचिनला गाठून चित्रपटाची खटपटही केली होती, ती फळाला आली नाही. टलचिन २०१७मध्ये वारला.

मग अडलं कुठे? एक कारण व्यवहाराचं. स्टीव्ही, ग्लॅडिस आणि रफिन मोटाउनचे, स्लाय एपिकचा, नीना आरसीएची, बी. बी. किंग ब्लूजवेचा, महालिया कोलंबियाची, स्टेपल्स स्टॅक्सचे. प्रत्येकाची कंपनी वेगळी, प्रत्येक गाण्याचा हक्क वेगळा. एकट्या टलचिननं किती दारं ठोठावायची? १९७२च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये वॉटस्टॅक्स नावाचा असाच कार्यक्रम झाला, तेव्हा तिकीट एक डॉलर होतं, लाखावर माणसं आली आणि पुढच्या वर्षी त्याचा चित्रपट थिएटरांत लागला. कारण मंचावरचे कलावंत एकाच स्टॅक्स कंपनीचे होते आणि चित्रपटही कंपनीनंच उभा केला. तिथे विकणारा आणि गाणारे एकाच घरचे होते. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. वुडस्टॉकच्या मंचावरही डझनभर कंपन्यांचे कलावंत होते. वॉर्नर ब्रदर्सनं ती गुंतागुंत सोडवली, कारण तो चित्रपट बघायला प्रेक्षक येईल याची त्यांना खात्री होती. हार्लेमच्या बाबतीत ती खात्री धरायला कुणी तयार नव्हतं. तीन लाख माणसं फुकट ऐकायला आली, ती पैसे देऊन बघायला येतील हा हिशेब कुणी मांडूनच पाहिला नाही.

माउंट मॉरिस पार्कला १९७३मध्ये कृष्णवर्णीयांचा नेता मार्कस गार्वी याचं नाव मिळालं. १९७०मध्येच तिथे संगीतकार रिचर्ड रॉजर्सच्या देणगीतून पक्कं खुलं नाट्यगृह झालं होतं. रॉजर्स लहानपणी त्याच भागात राहायचा. आता दर उन्हाळ्यात तिथे मोफत कार्यक्रम होतात, ऑगस्टअखेरीस चार्ली पार्करच्या नावाचा जॅझ महोत्सवही होतो. आणि टलचिनच्या चाळीस तासांपैकी माहितीपटात आले ते जेमतेम दोन. ज्या दुपारी बी. बी. किंग आणि नीना सिमोन पाठोपाठ गायले, ती अखंड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकदा बघायला मिळायला हवी.